नव्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स: पेनड्राइव्ह लावण्याआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी नवा लॅपटॉप घेतलाय. सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११ होम आधीपासून टाकलेलं. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू आहे, म्हणून घरीही हवंय. पण विंडोज घालवून चालणार नाही, कारण तिच्या वडिलांचं टॅली आणि डिजिटल सहीचा यूएसबी टोकन याच मशीनवर चालणार आहे. दुकानदार म्हणतो, लिनक्स टाकलं तर वॉरंटी जाईल. करावं का, आणि कोणत्या क्रमाने?

करावं. एका निवांत दुपारचं काम आहे. त्यातला लिनक्स बसवण्याचा भाग जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि तो आता इतका सोपा झालाय की त्यात चुकायला फारशी जागा उरलेली नाही. जे लॅपटॉप बंद पडून माझ्याकडे येतात, ते पेनड्राइव्ह लावण्याआधी विंडोजमध्ये करायची कामं राहून गेल्यामुळे येतात. म्हणून या उत्तराचा मोठा भाग विंडोजबद्दलच आहे.

वॉरंटीचं आधी उरकतो. वॉरंटी यंत्राची असते; त्यावर कोणती प्रणाली चालते याचा कीबोर्ड किंवा स्क्रीन बिघडण्याशी काही संबंध नाही. पण सर्व्हिस सेंटरमधला माणूस तपासणी विंडोजमध्येच करतो, आणि विंडोज सुरू झालं नाही तर तो पहिला दोष तुम्हालाच देणार. तेव्हा विंडोज शाबूत ठेवणं याही कारणाने शहाणपणाचं. विंडोजच्या परवान्याची किल्ली मात्र मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू करणारं अंगचं सॉफ्टवेअर, बोलीत बायोस) असते. उद्या विंडोज पुन्हा टाकावं लागलं तरी ती आपोआप ओळखली जाते, कुठे लिहून ठेवावी लागत नाही. ऑफिसचं तसं नाही. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपसोबत ऑफिस येतं. ते ठरावीक मुदतीत तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावं लागतं. ते आज करून टाका.

आता, दुसरी प्रणाली खरंच वेगळी बसवायला हवी का? पहिल्या वर्षी नुसती सी आणि पायथन असेल, टर्मिनलमधले हुकूम शिकायचे असतील, तर विंडोजमधली डब्ल्यूएसएल ही सोय पुरते. उबुंटू विंडोजच्या आतच एका खिडकीत चालतं, डिस्कची वाटणी करावी लागत नाही. सोळा जीबी रॅमवर व्हर्च्युअलबॉक्सही बरं चालतं. तरीही तुमच्या घरासाठी मी वेगळं बसवा असंच सांगेन. एक तर ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय पुढे अभ्यासाला येणारच, आणि प्रोसेस, ड्रायव्हर, फाइल सिस्टिम या गोष्टी खऱ्या यंत्रावर हाताळल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. दुसरं म्हणजे एकच मशीन बाप-लेकीत वाटून वापरायचं असेल, तर लेकीचे प्रयोग टॅलीच्या डेटापासून लांब राहिलेले बरे.

सुरुवात प्रोसेसर बघण्यापासून करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथे इंटेल किंवा एएमडी असेल तर पुढे वाचा. स्नॅपड्रॅगन असेल, म्हणजे २०२४च्या मध्यापासून आलेल्या कोपायलट प्लस लॅपटॉपपैकी एखादा, तर थांबा. त्या एआरएम जातीच्या, म्हणजे वेगळ्या रचनेच्या चिप आहेत. नेहमीची उबुंटूची फाइल त्यावर सुरूच होत नाही, आणि त्यांच्यासाठीचं लिनक्स अजून नवशिक्याने हात घालावा असं झालेलं नाही. तिथे डब्ल्यूएसएलवर भागवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज ११ची डिस्क बहुधा आधीच एन्क्रिप्ट झालेली असते, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रोमध्ये बिटलॉकर. आतलं तंत्र एकच. २०२४मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने यासाठीच्या यंत्राच्या अटी सैल केल्या, त्यामुळे आता बहुतेक नवे लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की मागच्या मागे डिस्कला कुलूप लागतं. ते उघडण्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर, सिक्युअर बूटची (मान्य सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) स्थिती, कोणाच्या सहीचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) चालला या सगळ्याची नोंद टीपीएम घेते. नोंद नेहमीसारखी असेल तरच किल्ली देते. तुम्ही बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं की नोंद बदलली. मग विंडोज सुरू होण्याऐवजी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला. सर्व्हिस सेंटर असो की मायक्रोसॉफ्ट, कोणीही तो परत मिळवून देऊ शकत नाही.

ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर, ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते. इथे आपल्याकडची खास गोम आहे. बरेचदा दुकानातच "साहेब, चालू करून देतो" म्हणून मशीन सुरू केलेलं असतं, आणि ते दुकानातल्या पोराच्या ईमेलने किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या एखाद्या खात्याने. मग किल्ली त्या खात्यात. तुम्ही नंतर आपलं खातं जोडलं तरी ती आपोआप तुमच्याकडे येईल असं धरून चालू नका. आपल्या खात्यात लॉगिन करा, डिव्हायसेसच्या यादीत हा लॅपटॉप दिसतोय का आणि त्यासमोर रिकव्हरी की आहे का, डोळ्यांनी बघा. असेल तर कागदावर उतरवा. निळ्या पडद्यावर की आयडी दाखवतात. तुमच्या कागदावरच्या आयडीचे पहिले आठ अक्षर-आकडे त्याच्याशी जुळले की किल्ली बरोबर. मोबाइलने फोटो काढला तरी चालेल, पण तो फोटो याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही.

त्यापुढे दोन वाटा आहेत. सोपी वाट: सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन, आणि ते बंद करा. डिस्क हळूहळू उलगडत जाते, तोवर चार्जर लावून ठेवा आणि काम पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या, जवळजवळ रिकाम्या मशीनवर फार वेळ लागत नाही. एक बारकावा: मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं नसलं तरी डिस्क अर्धवट एन्क्रिप्ट अवस्थेत असू शकते, म्हणजे कुलूप बसवलेलं पण किल्ली कुलपालाच लटकवलेली. तुम्हाला त्रास काही होत नाही, पण उबुंटूच्या इन्स्टॉलरला ती बिटलॉकरचीच डिस्क वाटते आणि आपोआप वाटणी करताना तो अडून बसू शकतो. म्हणून 'आम्ही तर खातंच बनवलं नाही' म्हणत हे पान उघडायचं टाळू नका.

दुसरी वाट एन्क्रिप्शन चालू ठेवण्याची. वडिलांच्या गिऱ्हाइकांचे हिशेब या मशीनवर असतील आणि लॅपटॉप रोज लोकलने जाणार असेल, तर मीही तेच सुचवेन. मग एक सवय लावून घ्यावी लागते: विंडोज लिनक्सच्या मेनूतून सुरू न करता फर्मवेअरच्या बूट मेनूतून सुरू करायचं. ग्रबमधून, म्हणजे लिनक्सच्या त्या मेनूतून, विंडोजला गेलात की मधे वेगळ्या सहीचा बूटलोडर येतो, टीपीएमची नोंद बदलते आणि निळा पडदा समोर. पुष्कळांचा समज होतो की लिनक्सने विंडोज बिघडवलं. बिघडलेलं काही नसतं, कुलूप आपलं काम करत असतं.

बॅकअपबद्दल वेगळं काय सांगणार. टॅलीचा डेटा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह नावाचं साधन आहे, त्याने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एक संच बनवून कपाटात टाका. आणि सगळे अपडेट, विशेषतः बायोसचे, आताच घ्या. लॅपटॉप कंपन्या बायोसचे अपडेट मुख्यतः विंडोजमधूनच देतात. शिवाय सिक्युअर बूटची २०११ साली दिलेली प्रमाणपत्रं जून २०२६पासून मुदतबाह्य व्हायला लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ची नवी प्रमाणपत्रं या अपडेटमधूनच येतात. जुनी मुदत संपली म्हणून चालू मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण नवं प्रमाणपत्र आत असलेलं बरं.

यानंतर फास्ट स्टार्टअप बंद करायचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवण्याचं पान, तिथे वर एक निळी ओळ दाबल्याशिवाय खालच्या चौकटी उमटत नाहीत. हा फास्ट स्टार्टअप चालू असताना तुम्ही शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही; गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. त्या अवस्थेत लिनक्समधून सी किंवा डी ड्राइव्ह उघडायला गेलात तर तो नुसता वाचायला मिळतो, किंवा उघडतच नाही. आणि जबरदस्तीने उघडून काही लिहिलं, तर जागं झालेलं विंडोज जुन्याच नोंदी धरून चालतं आणि फायलींचा घोळ होतो. एसएसडीवर या सोयीने वाचतात ते चार-दोन सेकंद. खुशाल बंद करा.

मग जागा मोकळी करा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. उबुंटू स्वतः २५ जीबी मागतं. कंपायलर, पायथनची पॅकेजेस, एखादा अँड्रॉइड स्टुडिओ धरला तर १२० जीबी ठेवा, चार वर्षं चिंता नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे आकडा एमबीत टाकायचा असतो: १२० जीबीसाठी १२२८८०. झाल्यावर काळ्या पट्टीची रिकामी जागा दिसेल. ती तशीच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका, फॉर्मॅट तर नकोच. पुष्कळ जण उत्साहाने 'लिनक्स' नावाचा ई ड्राइव्ह बनवून ठेवतात. तो नंतर उडवावाच लागतो.

कधी कधी डिस्कवर तीनशे जीबी मोकळे असूनही विंडोज चाळीसच सोडायला तयार होतं. मधे कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते: हायबरनेशनची, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचे बिंदू. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करून, एकदा रिस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. बाहेरून आणलेली पार्टिशनची फुकट सॉफ्टवेअरं एवढ्यासाठी वापरू नका. विंडोजचं पार्टिशन विंडोजलाच आखडू द्यावं हा माझा पक्का नियम आहे.

याच पडद्यावर आणखी काही छोटे तुकडे दिसतील. एक १०० किंवा २६० एमबीचा ईएफआय सिस्टिम पार्टिशन, आणि शेवटी रिकव्हरीचा. त्यांना हात लावायचा नाही. ईएफआयवाला तुकडा दोन्ही प्रणालींना सामाईक असतो. वाड्यात बिऱ्हाडं दोन असली तरी दिंडी दरवाजा एकच, तसं. विंडोजचा बूटलोडर एका फोल्डरात, उबुंटूचा शेजारच्या. दोघांना पुरेल इतकी जागा तिथे असते.

आता पेनड्राइव्ह. आठ जीबीचा चालेल, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती घ्या. ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ घेत असाल तर तिच्या पुढच्या सुधारित फाइलींपैकी शेवटची घ्या. मूळ २४.०४मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा, ज्यात ड्रायव्हर असतात) ६.८ होता, ऑगस्ट २०२५च्या २४.०४.३मध्ये ६.१४ आहे. नव्याकोऱ्या लॅपटॉपवर हाच फरक वायफाय चालणार की नाही हे ठरवतो. कुणाला विंडोजसारखा तोंडवळा हवा असेल तर लिनक्स मिंट उत्तम. ती उबुंटूवरच उभी आहे आणि पुढची सगळी कृती तशीच. पण लॅबमध्ये उबुंटू आहे तर घरीही उबुंटूच बरी, प्रात्यक्षिकाच्या दिवशी बटणं शोधावी लागत नाहीत. फाइल पेनड्राइव्हवर चढवायला विंडोजमध्ये रूफस नावाचं साधन वापरा, पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा, बाकी तो विचारेल त्याला होकार द्या. उतरवलेल्या फाइलीचा शा-२५६ ताळा उबुंटूच्या पानावरच्या आकड्याशी जुळवून बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सहा जीबी उतरवताना फाइल अर्धवट राहण्याचे प्रकार होतात, आणि मग अर्ध्यात अडकलेल्या इन्स्टॉलरचं खापर लॅपटॉपवर फुटतं.

पेनड्राइव्ह लावून रिस्टार्ट करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९, असूसवर एस्केप, एसरवरही एफ १२, पण एसरच्या बऱ्याच मशीनवर तो मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. तसं सांगणारे व्हिडिओ जुने आहेत. उबुंटूचा शिम नावाचा पहिला बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, तो सिक्युअर बूट चालू असतानाच चालतो. काही लेनोव्हो थिंकपॅडवर मात्र बायोसमध्ये 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए'ला परवानगी द्यायचा एक पर्याय बंद असतो. पेनड्राइव्हला नकार मिळाला तर आधी तो चालू करा.

'ट्राय उबुंटू' निवडून आधी नुसतं वापरून बघा. इथे घाई करू नका, कारण डिस्कला अजून काहीच झालेलं नाही. वायफाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड, वेबकॅम, झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतं का, सगळं तपासा. वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा; ते लिनक्सवर बिनतक्रार चालतं. बसवल्यावर अपडेट घेतले की वायफायचाही प्रश्न बहुतेकदा सुटतो.

मग डिस्क दिसते का बघा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि एसएसडी तिच्यामागे लपते. कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी डिस्क दिसतेही. दिसत असेल तर काहीही बदलू नका. इन्स्टॉलर आरएसटी, म्हणजे इंटेलची ही डिस्क-सोय, बंद करा म्हणून अडला किंवा डिस्कच गायब असेल, तरच बायोसमधला बदल करायचा, आणि तोही थेट नाही. थेट बंद केलंत तर विंडोज सुरू होताना त्याचा डिस्कचा ड्रायव्हर चुकीचा ठरतो आणि ते कोसळतं. क्रम असा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला खूण करा, रिस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, तिथे ती खूण काढा, पुन्हा रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. एन्क्रिप्शन चालू असेल तर मघाचा कागद हाताशी. एसरच्या काही मॉडेलवर हा पर्याय बायोसमध्ये दिसतच नाही. मेन टॅबवर असताना कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की प्रकट होतो. हे असं का ठेवलंय, देव जाणे.

प्रत्यक्ष बसवणं. चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली. महावितरणचा भरवसा धरू नका. कीबोर्ड इंग्लिशच निवडा. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' आहे, त्यात उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. मराठी कीबोर्ड इथेच निवडू नका. पुढच्या पानावर पासवर्ड टाकताना अक्षरं ठिपक्यांआड असतात, तो देवनागरीत पडतो आणि नंतर लॉगिनच होत नाही. थर्ड पार्टी सॉफ्टवेअर आणि मीडियाचे कोडेक टाकायच्या दोन्ही चौकटींना खूण करा, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर जरूर.

डिस्कच्या पानावर 'विंडोजशेजारी बसवा' असा पर्याय आला तर तो घेता येतो. मी स्वतः नेहमी हाताने वाटणी निवडतो, कारण मग आपण नक्की कुठल्या जागेवर हात ठेवतोय ते दिसतं. १२० जीबीची 'फ्री स्पेस' निवडा, अधिकचं चिन्ह दाबा, सगळी जागा द्या, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/). बस. वेगळा होम, वेगळा स्वॅप यांची आता गरज नाही. स्वॅपची फाइल उबुंटू स्वतः बनवतं. बूटलोडर त्याच एसएसडीवर. ईएफआयच्या तुकड्यासमोर फॉर्मॅटची खूण नाही ना, एवढं दोनदा बघा. आणि 'सगळी डिस्क पुसून बसवा' हा पर्याय पानावर फार ठळक असतो. बोट तिकडे जाऊ देऊ नका.

एनव्हिडिया किंवा अशाच बाहेरच्या ड्रायव्हरसाठी इन्स्टॉलर मधेच एक पासवर्ड विचारेल, सिक्युअर बूटसाठी म्हणून. तो लॉगिनचा नाही. तो एकदाच लागतो, पण लगेच: पहिल्या रिस्टार्टला एमओके मॅनेजमेंटचा निळा पडदा येतो, त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. चहा आणायला गेलात तर तो निघून जातो, ड्रायव्हरची सही मान्य होत नाही आणि मग 'ग्राफिक्स कार्ड चालत नाही' ही तक्रार.

आता दोन्ही प्रणाली आहेत. पहिल्यांदा खटकेल ते घड्याळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की वेळ साडेपाच तास मागे दिसते. लॅपटॉपच्या अंगच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. डिजिटल सहीच्या संकेतस्थळांना चुकीची वेळ अजिबात खपत नाही, म्हणून हे पहिल्या दिवशीच मिटवा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या हुकुमाने 'सेट-लोकल-आरटीसी'ची किंमत १ करा. झालं.

दुसरं, विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा मेनू दिसेनासा होतो आणि मशीन सरळ विंडोजमध्ये जातं. लिनक्स उडालेलं नसतं. बूटच्या क्रमात विंडोज वर आलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन उबुंटू पुन्हा वर सरकवा. याहून गंभीर प्रकार ऑगस्ट २०२४मध्ये झाला होता. विंडोजच्या त्या महिन्याच्या अपडेटने जुन्या शिमना काळ्या यादीत टाकलं, आणि जगभरच्या दुहेरी मशीनवर 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश देऊन लिनक्स बंद पडलं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, एमओकेयूटिल या साधनाने ते धोरण पुसायचं, मग सिक्युअर बूट परत चालू करायचं, असा उपाय होता. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती २०२५च्या मेमध्ये आली. यातून घ्यायचं ते एवढंच की लिनक्सचे अपडेटही वेळच्या वेळी घ्यावेत. विंडोज रोज आणि लिनक्स वर्षातून दोनदा, असं ज्यांचं चालतं त्यांना अशा प्रकारांचा धोका जास्त.

मराठी टंकलेखनासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट येत असेल तर तो लगेच मिळतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबसचं एम१७एन हे पॅकेज टाका, मग मराठीचे फोनेटिक आणि आयट्रान्स पर्यायही यादीत येतात. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. युनिकोडमधलं सगळं नीट दिसतं. मात्र घरात श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटात केलेल्या पत्रिका, जमाखर्च असतील तर लिनक्सवर त्यांची गिचमिड दिसेल. त्यासाठी, टॅलीसाठी आणि सहीच्या टोकनसाठी विंडोजच वापरा. वाइन नावाच्या साधनाने टॅली लिनक्सवर चालवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, हिशेबाच्या कामाला त्यांच्या नादी लागू नका.

लेकीचा प्रकल्प आणि वडिलांच्या फायली दोन्हीकडून उघडाव्यात असं वाटत असेल, तर विंडोजमध्ये एक छोटा डी ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्क मांडायची पद्धत) बनवा आणि सामाईक गोष्टी तिथेच ठेवा. सी ड्राइव्हवर लिनक्समधून लिहू नका. आणि जिथे कोड कंपाइल होतो, गिट वापरलं जातं, ते फोल्डर लिनक्सच्या आपल्याच जागेत असू दे. एनटीएफएसवर फाइलींच्या परवानग्या लिनक्सला हव्या तशा टिकत नाहीत.

पुढेमागे लिनक्स काढायचं ठरलं तर क्रम उलटा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर घ्या आणि मशीन त्याने सुरू होतंय याची खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून १२० जीबीचा तुकडा उडवा आणि सी ड्राइव्ह वाढवून घ्या. मधे रिकव्हरीचा तुकडा आडवा येत नसेल तर ते लगेच होतं. ईएफआयमध्ये उबुंटूचं एक लहानसं फोल्डर उरेल, त्याचा त्रास काही नाही. आधी तुकडा उडवला आणि बूटचा क्रम तसाच राहिला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढंच दिसतं. तेव्हाही घाबरायचं कारण नाही, बूट मेनूचं बटण दाबून विंडोज निवडलं की ते सुरू होतं.